दोन वाजताची होळी

आमच्या चाळीच्या गॅलरीत एक पांढरा डबा लावलाय. टिफिनएवढा. खाली भोकं, बाजूला हिरवी लाईट. ती लाईट चोवीस तास अशी चमकते की जणू हिलाच सगळं कळतं. डबा हवेतली धूळ मोजतो. तो लावायला शंतनु नावाचा एक रिसर्चवाला आलेला. पुण्याची शुद्ध भाषा आणि पायात ट्रेकिंगचे बूट. लालबागला ट्रेकिंग. मी तेव्हाच आत्याला बोलले, हा डबा आपल्याला नडणार.

आत्या बोलली, "गो, धूळ मोजता तर मोजूंदे. चोरून थोडीच नेतलो?"

डब्याच्या बरोब्बर खाली, तळमजल्याला, सरोजिनी आत्याचा डंख आहे. डंख म्हणजे मसाला कुटायचं मशीन. मोटरवर पट्टा फिरतो, लोखंडी मुसळं वर-खाली नाचतात आणि खाली खळग्यात मिरची, धणे, सगळं कुटलं जातं. चक्कीवर दळलेला मसाला गरम होतो, वास उडतो. डंखातल्याचा राहतो. म्हणून उन्हाळ्यात आमच्याकडे लाईन असते. आत्याचे मिस्टर गेल्यापासून ती एकटी चालवते. शाळा सुटल्यापासून मी पण. शाळा कशी सुटली तर दहावीत सरांनी मला डस्टर फेकून मारला, मी तो परत फेकला, आणि माझा नेम चांगला निघाला. यात जास्त सांगण्यासारखं काही नाही.

एप्रिलात एका सकाळी चाळीच्या नोटीस बोर्डावर रंगीत प्रिंट लागली. लालबाग-परळचा नकाशा. सगळीकडे हिरवे, पिवळे ठिपके आणि मध्ये एकच लालभडक. आमची चाळ. खाली ग्राफ. रोज सकाळी साडेनऊ ते साडेदहा धुळीचा डोंगर. त्याच्या खाली आमच्या सेक्रेटरींचं, म्हणजे जयवंत काकांचं, वळणदार अक्षर: रविवारच्या सभेत ठराव, तळमजल्यावरील मसाला डंख तात्काळ बंद करणे.

जयवंत काका म्हणजे इस्त्रीची पँट घालून नळावर पाणी भरणारा माणूस. त्यांच्या मिसेसला मसाल्याने शिंका येतात आणि त्यांना स्वतःला आमच्या गाळ्यात सोसायटीचं ऑफिस पाहिजे. टेबल, फिरती खुर्ची आणि दारावर नाव. हे सगळ्या चाळीला माहितीय.

मी तिथेच त्यांना पकडलं. "काका, साडेनऊला आमचं नुसतं शटर वर जातं. झाडलोट होते. पट्टा अकराला चालू होतो."

"सलोनी, हे सायन्स आहे. सायन्सला तुझं शटर कळत नाही."

"सोमवारी आम्ही बंद असतो. सोमवारी पण साडेनऊला लालच दाखवतंय."

काकांनी चष्मा वर केला, ग्राफ बघितला, सोमवारवर बोट ठेवलं. मग बोलले, "आदल्या दिवशीची धूळ उडत असणार."

हा माणूस तीस वर्षं बँकेत कॅशियर होता. आदल्या दिवशीच्या नोटा उडाल्या नाहीत हे बँकेचं नशीब.

आत्याने नोटीस वाचली आणि एक शिवी पण घातली नाही. हे वाईट. आत्या शिव्या घालते तेव्हा ठीक असते. ती आत गेली, खळगा झाडायला घेतला आणि झाडता झाडता खोकली. गेलं वर्षभर खोकतेय. विचारलं तर सांगते, "मिरचेचो आसा, माणसाचो नाय." जणू मिरची खोकते.

"आत्या, बंद केलं तर काय करणार तू?"

"काय करतलंय? खिडकीत बसान जयवंताची पँट बघीन."

हसली नाही पण.

मी शंतनुला फोन लावला. त्याचा नंबर डब्यावरच छापलाय, तक्रार असल्यास म्हणून. तो बोलला, "नकाशा मी बनवलेला नाही, तो हवा, झाडं, आरोग्य अशा सगळ्यांच्या एकत्रित डेटाचा आहे. अनुजा मॅडम बघतात. शनिवारी दादरला आमची कार्यशाळा आहे, नागरिक निरीक्षकांनाही निमंत्रण आहे. तुम्ही आहात ना निरीक्षक?"

होते मी निरीक्षक. ती वेगळी भंकस. डबा लावताना त्यांनी एक ॲप टाकून दिलेलं आणि टीशर्ट. ॲपमध्ये रोज सांगायचं, हवेला वास कसला येतोय. बटणं चार: फुलांचा, जळका, कुजका, रासायनिक. पाचवं, इतर. लालबागमध्ये राहून मसाल्याला बटण नाही. मी रोज इतर दाबायचे आणि पुढे टाईप करायचे, मसाला. नंतर कळलं की एकत्र करताना इतर सगळे उडवले, कारण बाकीच्यांच्या तक्त्यात इतर नव्हतं. टीशर्टने आम्ही आता मोटर पुसतो.

शुक्रवारी गिरगावहून ओल्गा आंटी आली, बॉटल मसाला कुटायला, म्हणजे ईस्ट इंडियन लोकांचा, वर्षभरासाठी बाटल्यांत भरून ठेवतात तो. दर वर्षी येते. स्टुलावर बसते आणि खळग्यावरून नजर हलवत नाही. आमच्याकडे सगळेच असे बसतात, आपला मसाला डोळ्यासमोर कुटून घेतात. कारण प्रत्येक घरचं प्रमाण वेगळं आणि आधीच्याचं पुढच्यात मिसळलं तर वाट लागते. म्हणून दोन घरांच्या मध्ये खळगा झाडायचा, मूठभर तांदूळ कुटून ते फेकायचे, मगच पुढचं. आत्या यात सूट देत नाही, लाईन रस्त्यापर्यंत गेली तरी.

ओल्गा आंटीला मी नकाशाचं सांगितलं. ती खळग्यात बघतच बोलली, "कोणी कोणी मोजलेलं एकत्र केलंय?"

"हवावाले, झाडवाले, डॉक्टर. सगळ्यांचं एकात."

"मध्ये तांदूळ मारले का त्यांनी?"

मी बोलले, बघते उद्या.

शनिवारी दादरला गेले. एका संस्थेचा एसी हॉल, बाहेर चहा आणि बटाटेवडे. आत गोल टेबलाभोवती वीसेक लोक, सगळ्यांच्या गळ्यात पट्टे. मला पण एक दिला, त्यावर लिहिलेलं "नागरिक". बाकीचे कोण होते मग, परग्रहवासी?

अनुजा मॅडम मधोमध. केस पांढरे, आवाज शांत, शाळेत असत्या तर मी डस्टर फेकला नसता. त्यांनी समजावलं की प्रत्येक विषयाचे लोक आपापल्या पद्धतीने मोजतात आणि आपापल्या कपाटात ठेवतात. हवावाल्याचं डॉक्टरला वाचता येत नाही, डॉक्टरचं झाडवाल्याला. म्हणून सगळ्यांनी एकाच साच्यात लिहायचं. काय मोजलं, कशाने, कुठे, कधी. मग उद्या कोणी पक्षीवाला आला, समुद्रवाला आला, तरी त्याला ते वापरता येईल.

ऐकायला बरं वाटलं. मग ते धूळ या शब्दावर आले.

शंतनु बोलला, धूळ म्हणजे अमुक आकारापेक्षा बारीक कण. एक झाडवाली बाई बोलली, आमची धूळ पानावर बसते, आम्ही ब्रशने झाडून वजन करतो, तुमची तर हवेत तरंगतेय, ती आमच्या रकान्यात कशी घालायची. एक डॉक्टर बोलला, पेशंटच्या छातीत जाते ती धूळ, बाकी तुमचं तुम्ही बघा. पाऊण तास. एवढी पुस्तकं वाचून ही माणसं धूळ म्हणजे काय ते ठरवत बसलेली. त्यांच्या टेबलावर बोटभर धूळ होती. एकाने पुसली नाही.

मी वडे खाऊन आले. परत आले तेव्हा पडद्यावर आमच्या चाळीचा ग्राफ होता आणि शंतनु लेझरचा लाल ठिपका नाचवत होता.

"इथे एक गंमत दिसते," तो बोलला. "मार्चमधला हा सर्वांत उंच सुळका. ही होळी. आपल्या डब्याने होळीसुद्धा पकडली."

सगळ्यांनी कौतुकाने बघितलं. मी खालचे आकडे बघितले.

"किती वाजता पकडली?" मी विचारलं.

"दोन. रात्री दोन."

"आमची होळी साडेआठला पेटते. दहाच्या आत विझवायला लागते, नाहीतर पोलीस येऊन उभे राहतात. रात्री दोनला चाळीत फक्त जयवंत काकांचं घोरणं असतं. तुमच्या डब्याने ते मोजलं काय?"

कोणीतरी हसलं. शंतनु हसला नाही. त्याचा लाल ठिपका पडद्यावरून खाली सरकला आणि एका बाईच्या साडीवर जाऊन थांबला. साडेआठ ते दोन, साडेपाच तास. हे त्याला माझ्याआधी कळलं, त्याच्या थोबाडावर दिसलं.

अनुजा मॅडमने विचारलं, "शंतनु, तुझ्या फाईलमध्ये टाइम झोनचा रकाना भरलेला आहे?"

"मुंबईतला डबा, मॅडम. मुंबईचीच वेळ. वेगळं काय लिहायचं म्हणून..."

"रिकामा सोडलास."

"हो."

"रिकामा असेल तर ग्रीनिचची, म्हणजे लंडनची वेळ धरायची, हे आपणच ठरवलं होतं. या नियमावर तुझी सही आहे."

मला कळायला थोडा वेळ लागला. म्हणजे डब्याने वेळ बरोबर लिहिलेली, आमच्या घड्याळाची. यांच्या मशीनला वाटलं ती लंडनची. म्हणून त्याने ती मुंबईची करायला साडेपाच तास पुढे ढकलली. लालबागची धूळ, लालबागच्या घड्याळात, आणि यांनी तिला फुकट लंडन दाखवून आणलं.

तेवढ्यात तो डॉक्टर बोलला, "वेळा जुळत नाहीत हे आम्ही पंधरवड्यापूर्वी मेल करून कळवलं होतं."

"दुरुस्तीच्या यादीत आहे," शंतनु खाली बघून बोलला. "कार्यशाळेनंतर करणार होतो."

माझं डोकं सटकलं. "आणि नकाशा? तो बरा कार्यशाळेच्या आधी वाटला. आमच्या नोटीस बोर्डावर लागलाय तो. उद्या त्यावर सभा आहे, माझ्या आत्याचं दुकान बंद करायला. तुमची यादी होईपर्यंत तिने काय करायचं, लंडनला जायचं?"

झाडवाली बाई पेनचं टोपण लावत होती, काढत होती.

अनुजा मॅडमने सॉरी वगैरे म्हटलं नाही. "आत्ता कर," एवढंच शंतनुला बोलल्या.

त्याने रकाना भरला, काहीतरी दाबलं आणि पडद्यावरचा आख्खा ग्राफ डावीकडे सरकला. होळी साडेआठवर गेली. सकाळचा तो साडेनऊचा डोंगर गेला पहाटे चार ते पाचवर.

पहाटे चारला काय असतं हे आमच्या चाळीतलं शेंबडं पोर सांगेल. मागच्या प्लॉटवर टॉवर होतोय. चारला डंपर येतात आणि राडारोडा भरतात. भिंती हलतात. सोमवारी पण येतात. मी हे सांगितलं, शंतनुने लिहून घेतलं, मला वाटलं संपलं. पिशवी उचलली.

"एक मिनिट," डॉक्टर बोलला.

ग्राफ सरकला तेव्हा दुसरा एक उंचवटा पण सरकलेला. लहान. आधी तो संध्याकाळी दिसायचा आणि त्याला हे लोक ट्रॅफिक म्हणायचे. आता तो अकरा ते चारमध्ये येऊन बसला होता.

"हा सोमवारी दिसत नाही," डॉक्टर बोलला. मग पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. "तिथे काम करणाऱ्यांपैकी कोणाला खोकला आहे का?"

"नाही," मी बोलले.

"नक्की?"

"मला दिसतोय का खोकला? ठणठणीत आहे मी."

अनुजा मॅडमने मला नवीन प्रिंट काढून दिली, सही करून. दारापर्यंत आल्या. "दोन्ही उंचवटे खरे आहेत, सलोनी," एवढंच बोलल्या. मला असली माणसं डोक्यात जातात. चूक पण तुमची आणि वर शेवटचा शब्द पण तुमचाच.

येताना बसमध्ये मी प्रिंट दोनदा उलगडली. मधून घडी घातली तर फक्त पहाटेचा डोंगर दिसत होता. तशीच घडी घालून ठेवली.

रविवारी सभा चाळीच्या पटांगणात. खुर्च्या पुरुषांना, बायका पायऱ्यांवर. जयवंत काकांनी ठराव वाचला, घसा साफ करून, जणू लाल किल्ल्यावर उभेत. मग मी प्रिंट दाखवली. होळीचं सांगितलं. रात्री दोनची होळी ऐकून पोरं हसायला लागली, एकाने लगेच बोंब मारून दाखवली. काकांचा चेहरा असा झाला की मी पैसे देऊन बघितला असता.

"म्हणजे हा लाल डोंगर डंखाचा नाही," मी बोलले. "डंपरचा आहे. विषय खल्लास."

"बघू," काका बोलले.

मी घडी घातलेलीच दिली. काका बघत होते, एवढ्यात आत्या पायरीवरून उठली, त्यांच्या हातातून कागद घेतला आणि घडी उलगडली. तिला कागदाची घडी आवडत नाही, पेपर पण सपाट करूनच वाचते.

"हो दुसरो उंचवटो कसलो?"

"ट्रॅफिकचा," मी बोलले.

तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला. कागदावर वारांची नावं होती, त्यावरून बोट फिरवत गेली. "सोमवारी ट्रॅफिक नसता?"

सगळी चाळ माझ्याकडे बघायला लागली. मी आत्याकडे बघितलं. ती रागावली नव्हती. तिला खरंच उत्तर पाहिजे होतं, आणि तेवढ्यात तिला ठसका लागला. वाकली, पायरीला हात लावला, ठसका थांबेपर्यंत तशीच राहिली.

"आपला आहे तो," मी बोलले.

"मग तसा सांग ना गो."

जयवंत काका एकदम ताठ झाले. "बघा. स्वतःच कबूल केलं. ठराव मताला—"

"जयवंता, जरा बस," आत्या बोलली. "धूळ माझी आसा तर मी बघतंय. पत्र्याचा धुराडा घालतंय, गच्चीच्या वरपर्यंत. गॅलरीच्या बाजूक पडदो. तोपर्यंत पट्टो बंद. मगे पण धूळ इली तर बंद करूक सांगा. आणि बंद केलात तर पुढच्या वर्षी पाकिटातलो मसालो खावा. तुझी बायल पयली रडतली, शिंकता म्हणून काय झाला, दर मे म्हयन्यात पाच किलो कुटून नेता."

हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. काकांनी मिसेसकडे बघितलं, मिसेसने पाण्याच्या टाकीकडे.

धुराड्याच्या अटीवर डंख राहिला. काही हात वर, काही खाली, काही अर्धे. राहिला.

मग मी बोलले की आता दुसरा ठराव घ्या. मोठा डोंगर डंपरचा आहे, रोजचा, आपल्यापेक्षा चौपट. टॉवरवाल्याकडे लेखी तक्रार करा, हा कागद जोडा, सही-शिक्क्याचा आहे.

खुर्च्यांवरची अर्धी माणसं एकदम वर डब्याच्या लाईटकडे बघायला लागली.

कारण टॉवरवाला तोच, जो पुढे आमची चाळ रिडेव्हलपमेंटला घेणार म्हणतात. मागच्या दिवाळीत येऊन त्याने सगळ्यांना नकाशे दाखवलेले. एक वेगळी बेडरूम, घरात संडास. तेव्हापासून इथे जो तो झोपेत पण टाईल्सचा रंग निवडतोय. डंपरने भिंतीला तडा गेला तरी म्हणतात, पडायचीच आहे.

"हात वर करा," मी बोलले.

आत्याचा एक. माझा पण, पण मी अठराची नाही, माझा धरत नाहीत. मसाल्यावर बोंबलायला मोठमोठे घसे होते. आता एकाला चप्पल सापडत नव्हती, एकाला फोन आलेला. मी एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. ज्यांची पोरं रात्रभर खोकतात, त्यांच्याकडे जास्त.

"पुरेसा पाठिंबा नाही," जयवंत काका बोलले. "चहा घ्या."

मी चहा घेतला नाही.

धुराडं बसलं, थोडं वाकडं. पडदा लागला. मी मेडिकलमधून मास्क आणले आणि एक आत्याच्या तोंडावर बांधला. पहिल्याच दिवशी ती दर पाच मिनिटांनी तो हनुवटीवर ओढत होती.

"वर घे तो."

"नाक बांधल्यार कसा कळतला, झालो की नाय?"

मसाला झाला हे आत्या वासावर सांगते. कुठलंही मशीन नाही, घड्याळ नाही. पट्टा चालू असताना वाकते, एक श्वास घेते आणि बोलते, बस. आता तोच श्वास घ्यायचा नाही.

"तू बाहेर बस," मी बोलले. "रस्त्यापलीकडे. वास मी घेते."

"तू?" असं म्हणाली की जणू मी विमान चालवते म्हटलं. पण गेली. समोरच्या बंद दुकानाच्या ओट्यावर बसली, मांडीवर हात ठेवून. खोकला होताच, पण तिकडे जरा कमी. किंवा रस्त्याच्या आवाजात मला ऐकू येत नव्हता.

ओल्गा आंटीचा अर्धा मसाला राहिलेला, ती तो घेऊन आलेली. स्टुलावर बसली. मी खळगा झाडला, तांदूळ मारले, फेकले, पट्टा चालू केला. वर डबा तसाच आहे, हिरव्या लाईटचा. आता त्याची वेळ बरोबर आहे. रोज पहाटे चारला टायमावर डोंगर काढतो आणि सगळी चाळ कूस बदलून झोपते. दादरवाल्यांच्या तक्त्यात तो नीट जातो, कोणालाही वाचता येतो. वाचणारा अजून कोणी आला नाही.

मी मास्क खाली केला, वाकले, श्वास घेतला. डोळ्यातून पाणी आलं.

"झाला," मी बोलले आणि पट्टा बंद केला.

ओल्गा आंटीने खळग्याच्या कडेचा चिमूटभर उचलला, बोटावर चोळला, नाकाशी नेला. मग रस्त्यापलीकडे आत्याकडे बघितलं. आत्याने तिथूनच, वाऱ्यावर आलेल्या वासावरून, काही न विचारता, मान हलवली. नाही.

"अजून," ओल्गा आंटी बोलली.

मी पट्टा परत चालू केला.